दोर कोणी धरायचा

"मुक्या माणसाच्या हाती मी दोर देणार नाही, कुंदा. हा भावनेचा प्रश्न नाही, जिवाचा आहे."

ओहोळ सर हे मला बाजूला घेऊन बोलले असते तर मी निदान ऐकून घेतलं असतं. पण कळकवाडीच्या शाळेच्या ओसरीवर, माझे वडील, बापू, समोर बसलेले असताना, ते वर्गात शिकवावं तसे खणखणीत बोलले. बापूंच्या ऑपरेशननंतर लोकांची ही एक गंमतच झाली होती. काही जण त्यांच्याशी ओरडून बोलायचे, आणि काही जण ते तिथे नाहीतच असं धरून बोलायचे.

"सर, बापूंचा आवाज गेलाय. कान शाबूत आहेत," मी म्हणाले.

बापू हसले. त्यांचं हसू आता नुसतं खांद्यांत दिसायचं. गळ्यावर बांधलेला मलमलचा रुमाल त्यांनी सारखा केला. त्या रुमालाखाली श्वासासाठी ठेवलेलं भोक होतं. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं तेव्हापासून बापू नाकाने नव्हे, तिथून श्वास घ्यायचे.

ज्यांनी कधी कडा चढला नाही त्यांना सरांचं म्हणणं कळावं म्हणून सांगते. वर चढणाऱ्याच्या कमरेला दोर असतो आणि त्याचं दुसरं टोक खालच्या माणसाच्या हातात. चढणारा वर सरकेल तसा खालच्याने दोर सोडायचा आणि चढणारा घसरला की घट्ट आवळायचा. दोघांमधलं सगळं काम हाकांवर चालतं. कातळाला हात लावण्याआधी चढणारा विचारतो, "धरलंय?" खालून उत्तर येतं, "धरलंय!" ते उत्तर ऐकल्याशिवाय आमच्या गिर्यारोहण मंडळात कोणी पाऊल उचलत नसे.

ओहोळ सरांनी मंडळ सुरू केलं तेव्हापासून ते उत्तर बापूंचं होतं. संगमनेरच्या एसटी आगारात ते फिटर होते. इंजिनाच्या धडधडीवर आवाज चढवायची सवय, त्यामुळे त्यांचं "धरलंय!" पलीकडच्या डोंगरावरून परत यायचं. आणि मंडळाची एक रीत होती. जो दोर धरतो त्याच्या घरी दोर राहतो. आमच्या घरी तो माजघरातल्या खुंटीला असायचा. मोहिमेला निघायच्या आधी आई त्याला ऊद दाखवायची. ऊद न दाखवता दोर उंबऱ्याबाहेर पडला असं माझ्या जन्मात घडलं नव्हतं.

बापूंना घशाचा कॅन्सर निघाला आणि ऑपरेशन झालं. पंधरवड्याने ओहोळ सर घरी आले, तब्येतीची चौकशी केली, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "दोर शाळेच्या कपाटात ठेवतो, यशवंतराव. इथे ओल लागेल." भर उन्हाळ्यात! बापूंनी स्वतः खुंटीवरून काढून दोर त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मोहिमेची कल्पना मात्र सरांचीच, हे मान्य केलं पाहिजे. बापूंच्या वॉर्डात आवाज गेलेले आणखी पाच जण होते. एक भाजीवाली होती, एक शाळेतला शिपाई. गळ्याला टेकवलं की बोलता येतं असं एक यंत्र तेव्हा परदेशातून यायचं, आणि त्यांच्यातल्या कोणालाच ते परवडण्यासारखं नव्हतं. कळकीचा सुळका तोवर कोणी चढलं नव्हतं. तो चढायचा आणि गावाकडून यंत्रांसाठी देणगी मागायची, असं ठरलं. चढणार मी. गावाने कौतुक केलं, पाठ थोपटली, आणि पैशाचं नाव काढलं की एकच उत्तर दिलं: "वर झेंडा लागू दे पोरी, पाकीट तयार आहे." आमचं गाव विड्या वळणारं. पान पुरवून वापरायची सवय अशी सुटत नाही.

म्हणजे झेंडा लागला तर यंत्रं, नाही तर नाही. बापूंनी पाटीवर आधीच लिहून दिलं होतं, "आधी ते पाच. मग मी."

आणि आता सर म्हणत होते, दोर ते स्वतः धरणार.

"तुम्ही धरा की, पण हाक कशी माराल?" हा आवाज लहानूबाबांचा. ते कळकवाडीचे, सुळक्याच्या पायथ्याशी त्यांचं रान. घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन ते इतका वेळ कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. "सुळक्याच्या बगलेला आग्या मोहोळ हाय. दारायेवढं. त्या माश्यांना गलका सोसत न्हाई आन् धूर तर मुळीच न्हाई. तितं बोलायचं बी न्हाई, इडी वढायची न्हाई, वासाचं तेल लावायचं न्हाई. मुकाट जायाचं, मुकाट यायाचं."

मी सरांकडे पाहिलं. हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमला नाही.

"म्हणजे उद्या सगळेच मुके," मी म्हणाले. "मग ज्याला सवय आहे त्याने दोर धरलेला बरा, नाही का?"

सवय होतीच. वर्षभर मी आणि बापू गावामागच्या खडकावर एका उसन्या दोरावर हिसक्यांची भाषा पक्की करत होतो. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे ढील दे, तीन म्हणजे पोचले, आता सोड. खालून बापूंचा एकच हिसका असायचा, आणि त्याचा अर्थ धरलंय.

सर उठले. मग पिशवीतून दोर काढून त्यांनी बापूंच्या पुढ्यात ठेवला. "पोरीच्या जिवाची जबाबदारी तुमची," असं म्हणून ते आत गेले. बापूंनी दोर मांडीवर घेतला आणि टोकापासून टोकापर्यंत बोटांतून फिरवून पाहिला. लहानूबाबा म्हणाले होते म्हणून ऊद मात्र दाखवला नाही.

सकाळी आम्ही सुळक्याखालच्या खिंडीत पोचलो. खिंड अरुंद, एका बाजूला सुळका सरळ उभा, दुसऱ्या बाजूला कातळात कळकाईचा शेंदूर फासलेला दगड. बापू त्या दगडाजवळच बसले. मागच्या खडकाला त्यांनी स्वतःला बांधून घेतलं, दोर कमरेभोवती घेतला, पाय समोरच्या खडकाला रोवले. सर फोटो काढायला पलीकडच्या धारेवर गेले, कारण देणगीदारांना झेंडा दिसायला हवा होता. लहानूबाबा खिंडीच्या तोंडाशी थांबले. गावाहून टेम्पोने पाहुणे येणार होते, त्यांना खाली माळावरच अडवायचं ठरलं होतं.

त्या टेम्पोतून आई येणार आहे हे मला ठाऊक होतं. ती कधी आमचं चढणं बघायला आली नव्हती. "मला बघवत नाही," म्हणायची. या वेळी मात्र म्हणाली, "दोघंही एकाच दोराला, मग मी घरात बसून कुणाची वाट बघू?"

मी कमरेचा दोर तपासला. सवयीने ओठांवर "धरलंय?" आलं, ते गिळलं. कमरेला एक हिसका बसला. मी कातळाला हात लावला.

सुरुवातीची भेग सोपी होती. मेखा ठोकायची सोय नव्हती, हातोड्याच्या आवाजाने मोहोळ उठलं असतं. म्हणून दगडाची शिंगं सापडतील तिथे पट्ट्या अडकवत आणि त्यातून दोर घेत मी वर सरकत होते. पट्टी अडकवली की दोन हिसके द्यायचे, ढील यायची. मागितली तेवढीच, ना हातभर जास्त ना कमी. अर्ध्याच्या वर गेल्यावर डाव्या हाताला ते मोहोळ दिसलं. काळं, ओलसर चकाकणारं. त्यावरून मधूनच एक लाट सरकायची आणि विरून जायची. मी श्वासही बेतानेच घेत होते.

शेवटची भिंत राहिली. वरती पुढे झुकलेला कातळ, त्याच्यावर एक खोबण आणि मग माथा. मी उजवा हात खोबणीकडे नेला आणि मला वास आला.

ऊद!

आधी वाटलं भास असेल. आमच्या घरातला, माजघरातला वास, त्या उघड्या कातळावर. मी खाली पाहिलं. बापूंच्या पाठीमागे, कळकाईच्या दगडाशी, निळसर धुराची बारीक रेघ उठली होती आणि खिंडीतल्या वाऱ्याबरोबर सुळक्याच्या अंगाने वर येत होती. धुरापासून हातभर अंतरावर बापू बसले होते. चेहरा वर, डोळे माझ्यावर. एवढ्या वासाने कोणीही मागे वळलं असतं. बापू ढिम्म.

तेव्हा मला दूध आठवलं. वर्षभर आई करवादत होती, "शेजारी बसलेले असतात, दूध करपून पातेलं काळं होतं, तरी ह्यांना पत्ता नाही! पूर्वी फोडणी जळली तर घर डोक्यावर घ्यायचे, आता करपलेली भाजी मुकाट खातात." डॉक्टरांनी सांगितलं होतं, श्वास नाकातून जात नाही म्हणजे वासही येणार नाही. आम्ही माना डोलावल्या होत्या आणि विसरून गेलो होतो. त्यांच्या आवाजाची चिंता सगळ्यांनी केली. नाकाचं कोणाच्या मनातही आलं नाही.

ओरडायचं नव्हतं. आमच्या भाषेत धुराला शब्द नव्हता. मी एक हिसका दिला. थांब. पुन्हा एक, पुन्हा एक. बापू पुढे झुकले, त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी डावा हात सोडून त्यांच्या मागे दाखवलं. ते वळले. त्यांनी पाहिलं.

पण तोवर मोहोळावरची लाट विरायची थांबली होती. मग ते काळं जे होतं ते एकदम खडकापासून सुटलं.

त्या आवाजाचं वर्णन मला आजही करता येत नाही. माश्या धुराच्या रेघेवरून खाली गेल्या. काही माझ्याकडे आल्या. कानामागे आग पेटली, मग पापणीवर. मी कातळाला चेहरा चिकटवला. खाली बघायची हिंमत होत नव्हती आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. बापूंनी माती टाकून धूर दाबला होता. आता त्यांनी काय करावं? दोर मागच्या खडकाला आवळून बांधून पळाले असते तर कोणी नावं ठेवली नसती. पण मग मी होते तिथे अडकले असते, वर जायला ढील नाही आणि खाली यायला वाट नाही, डोळे मिटत चाललेले. पळा, असं मला ओरडायचं होतं. आणि पळू नका, असंही. दोन्ही खरं आहे.

पापणी सुजून एक डोळा मिटला. मी खोबणीसाठी हात टाकला आणि पायाखालचा वाळक्या गवताचा झुबका उपटून आला.

मी पडले. कातळ गुडघे सोलत वर गेला आणि मग कमरेला असा झटका बसला की श्वास अडकला. मी लोंबकळत होते. दोराने मला धरलं होतं. म्हणजे बापूंनी धरलं होतं. त्या माश्यांत बसून.

एक हिसका आला. धरलंय.

मी रडत होते की शिव्या देत होते ते आठवत नाही. दोन्ही बिनआवाजी चालू होतं एवढं नक्की. पुन्हा कातळ पकडला. दोन हिसके दिले. मला वाटलं आता ढील येणार नाही. हात सुजले असतील, बोटं वळत नसतील. ढील आली, मागितली तेवढीच. खाली एकदा पाहिलं तेव्हा बापू दिसेनात, तिथे नुसती काळी घोंगडी होती आणि तिच्या फटीतून माझा दोर बाहेर येत होता. घोंगडीवर माश्या जागा न सोडता बसल्या होत्या. लहानूबाबांनी ती पळत येऊन टाकली, हे नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच सुचत होतं की घोंगडीखाली अंधार असेल, आणि गळ्यावरचा रुमाल निसटला असेल तर? त्या भोकात एक माशी शिरली तरी? ते दोन्ही हातांनी दोर धरून बसलेत, गळा कोण झाकणार?

खोबण हाताला लागली. त्यानंतर मी कशी चढले ते अंगाला ठाऊक, मला नाही. माथ्यावर पालथी पडले, तिथल्या उभ्या खडकाला दोर बांधला आणि हिसके दिले. एक. दोन. तीन. पोचले, आता सोड.

काही नाही.

मी पुन्हा तीन हिसके दिले. दोर हलला नाही. वरून घोंगडीही हलताना दिसत नव्हती. त्या क्षणी कोणी मला विचारलं असतं तर मी ती पाचही यंत्रं, झेंडा, सुळका, सगळं देऊन टाकलं असतं.

मग एक हिसका आला. हळू, पण आला.

घोंगडी उठली आणि खिंडीच्या उताराकडे चालू लागली. मी एका डोळ्याने बघत होते, म्हणून पुन्हा नीट पाहिलं. घोंगडीला चार पाय होते. दोन पायांत बापूंचे कॅनव्हासचे बूट, आणि दोन पाय अनवाणी. त्यांवर हिरव्या लुगड्याचा काठ होता.

झेंडा मी नंतर लावला. सरांनी फोटो काढला. पलीकडच्या धारेवरून त्यांना सगळं दिसलं होतं, अगदी पहिल्या धुरापासून, आणि तिथे त्यांना तोंड उघडता आलं नव्हतं. माश्या शांत झाल्यावर मी पाठीवरचा दुसरा दोर जोडून उलट्या बाजूने उतरले.

सरकारी दवाखान्यात दोघं शेजारच्या खाटांवर होते. बापूंचा चेहरा ओळखू येत नव्हता, हात तर भाकरीसारखे फुगलेले. आईचा उजवा हात कोपरापर्यंत सुजला होता, पण बोलणं चालू होतं.

"मी माळावर थांबणार होते गं. पण दोर या वेळी शाळेतूनच गेला, ऊद राहिला, म्हणून निघतानाच मी ऊद बरोबर घेतला होता. ऊद न दाखवता दोर कधी गेलाय का आपला? म्हटलं, कळकाईच्या दगडापाशी ठेवीन, दोराला पोचेल. लहानूबाबांची नजर चुकवून मागच्या वाटेने गेले. ह्यांच्या पाठीशी ठेवला आणि मागे सरले. धुराचं मला कुठं माहीत?" तिचा आवाज फुटला. "ह्यांना वास येत नाही हे तरी माहीत होतं की! वर्षभर करपलेलं खातायत."

"मग घोंगडीत कशी शिरलीस?"

"माश्या आल्या तेव्हा हे पळतील असं वाटलं. हे हललेच नाहीत. रुमाल निसटला होता. हात दोराला अडकलेले. मग मी जाऊन पदर लावला गळ्याला. हवा जाईल आणि माशी जाणार नाही, इतका सैल." तिने तो सुजलेला हात वर करून दाखवला. "ह्यांचा श्वास लागत होता हाताला. तू पडलीस तेव्हा थांबला, मग पुन्हा सुरू झाला."

बापूंनी डोळे उघडले, म्हणजे जेवढे उघडत होते तेवढे. त्यांनी आईकडे पाहून खांदे हलवले. ते हसत होते. मला मात्र हसू येईना.

संध्याकाळी ओहोळ सर आले. त्यांनी दोर नीट गुंडाळून आणला होता, तो बापूंच्या उशाशी ठेवला आणि पायाशी थोडा वेळ उभे राहून निघून गेले. दवाखान्यातून आम्ही घरी आलो ते दोर घेऊनच. आईने तो खुंटीला लावला.

गावाने शब्द पाळला. यंत्रं आली. पाच जणांना आधी मिळाली, भाजीवालीने पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाशी भांडण काढलं असं ऐकलं. बापूंचं यंत्र हिवाळ्यात आलं. आईने देवापुढे ठेवलं, शेजारीपाजारी जमले, आता बापू काय बोलतात म्हणून सगळे तोंडाकडे बघत बसले. बापूंनी यंत्र उलटसुलट पाहिलं आणि खिशात टाकलं. आई रुसली. "इतकं जिवावर बेतलं, आणि एक शब्द नाही!" मीही विचारून थकले. ते पाटीवर लिहायचे, "बघू."

पुढच्या रविवारी मी आणि बापू गावामागच्या खडकावर गेलो. मी दोर बांधला, बूट घट्ट केले, कातळाकडे तोंड केलं. तिथे माश्या नव्हत्या, त्यामुळे जुन्या सवयीने विचारलं, "धरलंय?" आणि हिसक्याची वाट बघत उभी राहिले.

हिसका आला नाही. मागून एक आवाज आला. सपाट, घरघरता, जुन्या रेडिओतून यावा तसा.

"धरलंय."

मी वळले. बापूंनी यंत्र गळ्याला लावलं होतं. ते धरायला त्यांचा एक हात गुंतला होता, आणि मी अजून खडकावर का गेले नाही असं विचारत असल्यासारखं ते माझ्याकडे बघत होते. मी नुसती मान हलवली.

त्यांनी यंत्र खिशात ठेवलं, दोर दोन्ही हातांत घेतला, आणि मी कातळाला हात लावला.